फुगा उघडला नाही तो दिवस

आमच्याकडे वर्षातून एक दिवस असा येतो की त्या दिवशी कोण आजारी आणि कोण धडधाकट हे ओळखताच येत नाही. आम्ही कोकणातले ज्यू, बेने इस्राएल. आमचा तो दारफळणीचा सण. जुनी माणसं त्या दिवशी दारं लावून घरात बसायची, म्हणून हे नाव. आता दारं कोणी लावत नाही, सगळे सिनेगॉगमध्ये जातात, पण उपास तोच. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दिवस मावळेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. दुपारनंतर सगळ्यांचीच तोंडं उतरलेली असतात, सगळेच कशाला ना कशाला टेकून उभे असतात. त्यात माझी आई छातीवर हात ठेवून खांबाला टेकली, तर कोणाला काय संशय येणार? मला आला नाही. तिलाही आला नाही, आणि ती तर आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स होती, मेट्रन होऊन निवृत्त झालेली.

"उपास लागलाय, दुसरं काय," ती म्हणाली. संध्याकाळी उपास सुटला, काळ्या मनुकांचं सरबत पोटात गेलं आणि छातीतली कळही थांबली. म्हणजे उपासच होता! विषय संपला. अशी चूक फक्त आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकते.

आई जुन्या पनवेलमध्ये एकटी राहते, मी विचुंब्याला. "माझ्याकडे ये" म्हटलं की ती म्हणते, "तुझ्या त्या सातव्या मजल्यावर मला कोण हाक मारणार?" म्हणून मीच रोज संध्याकाळी रिक्षाने येते आणि आम्ही दोघी वडाळे तळ्याला फेरी मारतो. सणानंतर थोड्या दिवसांनी माझ्या लक्षात आलं की बाई प्रत्येक बाकावर बसायला लागल्या आहेत. विचारलं तर म्हणे, "बदकं बघते." तळ्यात त्या दिवशी बदक औषधालाही नव्हतं. मी तिथूनच तिला रिक्षात घातलं आणि हॉस्पिटलात नेलं. रस्ताभर ती माझ्यावर चिडली होती आणि मी तिच्यावर. आमच्या घरात काळजी अशीच व्यक्त होते.

अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या पुढच्या बाजूची मुख्य नळी बरीच अरुंद झाली होती. हृदयाच्या डॉक्टर एक बाई होत्या, चाळिशीच्या, उलव्याहून यायच्या. नव्या इमारतींच्या धुळीने त्यांची पांढरी गाडी कायम मातकट दिसायची. बोलायला मोजक्या. "फुगा घालून नळी रुंद करू, स्टेंट बसवू, दोन दिवसांत घरी," असं त्यांनी सांगितलं. मी सही केली. आईने आत जाताना मला सांगितलं, "रडायचं असेल तर कॅन्टीनमध्ये जाऊन रड, इथे पेशंटचे नातेवाईक घाबरतात." जशी काही मी त्यांच्यातली नव्हतेच.

बाहेर बसून बसून माझी पाठ धरली. माझ्यानंतर आलेल्या नातेवाइकांचे पेशंट बाहेर आले, चहा झाला, पेढे झाले. आमचं दार काही उघडेना. काय सांगू, त्या वेळात मी आईचं सगळं आयुष्य आठवून काढलं आणि माझंही. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. धाकटा भाऊ इस्रायलला, चुलत-मावस सगळे तिकडेच. मी लग्न केलं नाही. ही बाई गेली तर या गावात मला रागवायला एक माणूस उरणार नव्हतं. मला भीती वाटत होती. साधी, लहान मुलीला वाटते तशी.

शेवटी डॉक्टर बाहेर आल्या. डोक्यावरची टोपी तशीच, आणि चेहरा पार ओढलेला. म्हणाल्या, "आजी ठीक आहेत. पण स्टेंट बसवला नाही. नळीत कॅल्शियम फार आहे, दगडासारखं झालंय. फुगा उघडलाच नाही. मी थांबले."

झालं! माझं डोकंच फिरलं. "थांबले म्हणजे? मग इतका वेळ आत करत काय होतात? जमत नव्हतं तर हात कशाला घातलात?" अख्खा कॉरिडॉर वळून बघायला लागला. मी विमा कंपनीत काउंटरवर नोकरी केली आहे, माझा आवाज खालच्या पट्टीत लागतच नाही. त्या बाईंनी ना आवाज चढवला ना पाठ फिरवली. एवढंच म्हणाल्या, "तुमचा राग मला समजतो. आजींना आराम पडू दे, मग दोघींना नीट दाखवते."

त्यांनी खरंच दाखवलं. दुसऱ्या दिवशी आईच्या खाटेशी लॅपटॉप घेऊन आल्या आणि फुग्याचं चित्र लावलं. फुगा दोन्ही टोकांना फुगलेला आणि मध्ये आवळलेला, कोणी कमरेला करकचून दोरी बांधावी तसा. "ही जागा उघडत नाही," त्या म्हणाल्या. "बोअरचं पाणी वापरलं की नळाच्या तोटीवर क्षार बसतो ना, तसा कॅल्शियमचा थर इथे नळीच्या भिंतीत गोलाकार बसलाय. अशा जागी स्टेंट ठेवला तर तोही असाच अर्धवट उघडणार. आज तुम्ही हसत घरी गेला असता. पण अर्धवट उघडलेल्या स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होते, तो पुन्हा बंद होतो, आणि मग तो बाहेर काढता येत नाही. मी दाब वाढवत गेले असते तर नळी फाटलीही असती."

आई चष्मा लावून चित्र बघत होती. म्हणाली, "मी इतकी वर्षं गुडघ्यांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या खाल्ल्या. गुडघ्यात जायचं ते भलतीकडेच जाऊन बसलं की काय!"

"तसं नसतं आजी," डॉक्टर पहिल्यांदाच हसल्या. "वय आणि मधुमेह, दोघांनी मिळून केलंय हे."

"असू दे. एकदाचं कुठे का होईना, मजबूत झाले मी."

घरी आल्यावर भावाचे व्हिडिओ कॉल सुरू झाले. "आईला इकडे आण" हे पहिलं. मग इंटरनेटवरून शोधलेले लेख. त्याला ध्वनिलहरींनी कॅल्शियम फोडायची नवी पद्धत आवडली होती, मलाही तीच बरी वाटत होती. ड्रिल फिरवायची जुनी पद्धत ऐकूनच माझ्या अंगावर काटा यायचा. हृदयात ड्रिल! भिंतीत खिळा ठोकताना माझ्या घरातलं प्लास्टर पडतं. बायपास हा तिसरा रस्ता होता, पण सर्जननी आईची फुफ्फुसं आणि साखर बघून मान हलवली. करता येईल म्हणाले, पण धोका मोठा. आई म्हणाली, "धोका राहू दे, मला छातीच उघडायची नाही. इतक्या जणांच्या छातीचे टाके मी काढलेत. माझे कोणी काढायचे नाहीत."

भावाच्या हट्टापायी आम्ही आणखी एका मोठ्या हॉस्पिटलात मत घ्यायला गेलो. काचेची इमारत, लिफ्टमध्ये संगीत. तिथल्या डॉक्टरांनी अँजिओग्राफीची सीडी जेमतेम बघितली आणि म्हणाले, "काही प्रॉब्लेम नाही, उद्याच ॲडमिट व्हा, टाकून देऊ स्टेंट."

आईने विचारलं, "फुगा उघडला नाही तर?"

"दाब वाढवू."

"तरी उघडला नाही तर?"

"अहो आजी, इतकी काळजी करायची नसते. आमच्यावर सोडा."

आईने पर्स उचलली, त्यांना नमस्कार केला आणि चालायला लागली. मी तिच्या मागे. लिफ्टमध्ये म्हणाली, "ज्याला 'नाही तर' ऐकवत नाही, त्याच्या टेबलावर मी झोपणार नाही." मला वाटलं, हिचा म्हातारपणचा हेका सुरू झाला. "मग काय त्या थांबलेल्या बाईंकडेच जायचं?" मी विचारलं. तर म्हणे, "अर्थात."

आणि तिथून पुढचा जो तास आम्ही उलव्याच्या त्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये काढला, तो मला आजही आठवला की आईचं कौतुक करावं की त्या बाईंचं, हेच कळत नाही. आई वॉर्डाच्या राउंडला निघाल्यासारखी बसली होती, पदर खोचून. तिने एकेक उपाय विचारायला घेतला, आणि त्यांनीही तिला पेशंट न समजता सहकारी समजून उत्तरं दिली.

पहिला उपाय बारीक पाती असलेल्या फुग्याचा. तो फुगताना पाती कॅल्शियमला चिरा पाडतात. सोपा, पण थर पातळ असेल तरच उपयोगी. "माझा?" "तुमचा जाड असावा." दुसरा ड्रिलचा. टोकाला हिऱ्याची कणी बसवलेला, तिळापेक्षाही बारीक मणी प्रचंड वेगाने फिरतो आणि कॅल्शियम घासून काढतो. त्याची पूड इतकी बारीक होते की रक्तातून निघून जाते. जिथे दुसरं काही शिरतच नाही तिथे हा शिरतो. "आणि वाईट काय होतं?" आईने विचारलं. डॉक्टरांनी एक क्षणही टाळाटाळ केली नाही. नाडी एकदम मंदावते, पुढचा रक्तप्रवाह काही वेळ अडकतो, आणि क्वचित नळीला भोक पडतं. ते ऐकून मी पर्समध्ये पाण्याची बाटली शोधायला लागले. आई मात्र मान डोलवत होती.

तिसरा उपाय माझ्या भावाचा लाडका. मुतखडा बाहेरून लहरी सोडून फोडतात, तसाच हा फुगा नळीच्या आतून लहरी सोडतो. आतवर, खोल बसलेल्या कॅल्शियमलाही तडे जातात आणि नळीच्या मऊ भागाला फारसा त्रास होत नाही. "मग हाच करा की!" मी मध्येच बोलले. "करायला आवडेल," त्या म्हणाल्या, "पण हा फुगा जाडसर असतो. आधी त्या अरुंद जागेत तो पोचायला हवा. त्या दिवशी माझा बारीक फुगाही मोठ्या मुश्किलीने गेला होता."

"म्हणजे तुमचं ठरलेलं नाही?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"नाही. आधी नळीच्या आत बारीक कॅमेरा घालणार. थर किती जाड, किती गोल, किती लांब, ते बघणार. मग ठरवणार. आणि तेव्हाही वाटलं की नको, तर पुन्हा थांबणार."

पुन्हा थांबणार! मी कपाळाला हात लावला. पण आईचा चेहरा असा उजळला, जसं काही तिला हवं ते उत्तर मिळालं. घरी जाताना रिक्षात तिने भावाला फोन लावला आणि सांगितलं, "तुझी ती लहर आवडली मला. पण मी डॉक्टर निवडली आहे, लहर नाही."

तो दिवस उजाडला. मुंबईहून लहरींचा फुगा मागवला होता, ड्रिलचं मशीन तयार होतं, आणि मदतीला एक ज्येष्ठ डॉक्टर आले होते. या बाईंनी स्वतः त्यांना बोलावलं होतं, "माझ्यापेक्षा त्यांनी ड्रिल जास्त केलंय" असं आम्हाला सरळ सांगून. मला त्या क्षणी त्यांचा पहिल्यांदा मनापासून आदर वाटला. आपल्या पेशंटच्या लेकीसमोर असं म्हणायला काळीज लागतं, तेसुद्धा माझ्यासारखी भांडकुदळ लेक असताना.

आत काय झालं ते मला नंतर आईनेच सांगितलं, कारण ती पूर्ण जागी होती. हे काम पेशंटला जागं ठेवूनच करतात. कॅमेऱ्यात दिसलं की कॅल्शियम चारी बाजूंनी आहे, बांगडीसारखं. लहरींचा फुगा आधी घालून बघितला, तो अर्ध्या वाटेत अडला. रेटला नाही. काढून घेतला. मग ड्रिल. "दातांच्या डॉक्टरांकडचा आवाज गं," आई सांगत होती. "ते थोडं फिरवायच्या, मागे घ्यायच्या, वाट बघायच्या. परत थोडं." मध्येच नाडी मंदावली. आईला कळलं, कारण मॉनिटरच्या आवाजातली अंतरं वाढली आणि नर्सला ती भाषा विसरता येत नाही. डॉक्टरांनी लगेच हात मागे घेतला आणि ओरडल्या, "खोका आजी! जोरात खोका!" आई खोकली. म्हणते, "जन्मात एवढं आज्ञाधारक मी कोणासाठी खोकले नव्हते." नाडी परत आली. सगळे थोडं थांबले. मग पुन्हा सुरू.

ड्रिलने वाट झाली, मग त्यातून लहरींचा फुगा पोचला. म्हणजे आम्ही घरात ज्या दोन पद्धतींवरून भांडत होतो, त्या दोन्ही लागल्या, एकीने वाट केली आणि दुसरीने फोडलं. आई पडद्याकडे मान वळवून बघत होती. फुग्याची आवळलेली कंबर हळूहळू सैल झाली आणि तो सरळ झाला. खोलीत कोणीतरी "वा!" म्हणालं. त्यानंतर स्टेंट बसला, आणि पुन्हा कॅमेरा घालून तो नीट सगळीकडे टेकलाय की नाही ते तपासलं, तेव्हाच डॉक्टर बाहेर आल्या.

"उघडलं," त्या म्हणाल्या. मी त्यांना मिठीच मारली. त्यांच्या अंगावरचा तो शिशाचा जड ॲप्रन माझ्या हनुवटीला लागला. मी ओक्साबोक्शी रडले, कॅन्टीनमध्ये न जाता, सगळ्या नातेवाइकांच्या देखत.

आई घरी आली, औषधं सुरू झाली, आणि हळूहळू तळ्याची फेरी एका दमात पुरी व्हायला लागली. एक दिवस म्हणाली, "मलिदा करायचा." आमच्याकडे देवाने एखादं संकट टाळलं की आभाराचा मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, वर मांडलेली फळं, आणि प्रार्थना. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. पूर्वी पनवेलमध्ये हाक मारली की वीस यायचे. आता मी सिनेगॉगच्या लोकांना, पेणला, अलिबागला, ठाण्याला फोन करून करून दहा जमवले, त्यातले दोघे काठी टेकत आले. भाऊ टेबलावरच्या मोबाइलमधून बघत होता. आणि आईच्या आग्रहाने उलव्याहून डॉक्टर आल्या होत्या, कोपऱ्यातल्या खुर्चीत अवघडून बसलेल्या. पहिल्यांदाच त्यांना साडीत पाहिलं.

प्रार्थना झाली. मलिदा वाटण्याआधी एका काकांनी आईला विचारलं, "तर ऑपरेशन यशस्वी झालं त्याचा हा मलिदा. कुठल्या तारखेला झालं गं?"

"त्याचा नाही," आई म्हणाली.

सगळे बघायलाच लागले. मला वाटलं, हिला आता भलतंच काही सुचलंय.

"हा आधीच्या दिवसाचा आहे. फुगा उघडला नाही त्या दिवसाचा." मग ती डॉक्टरांकडे वळली. इतके महिने तिने त्यांना 'अहो डॉक्टर' म्हटलं होतं, आज पहिल्यांदा 'तू' म्हणाली. "मी खूप ऑपरेशनं पाहिलीत बाळ. ज्याला मागे फिरायची लाज वाटली, अशा हातांखाली माणसं गेलेली पाहिलीत. नंतर तू मला बरं केलंस, त्याचे आभार सगळे मानतील. पण त्या दिवशी तू मला मारलं नाहीस. बाहेर येऊन 'जमलं नाही' म्हणालीस, आणि ही माझी पोरगी तुझ्यावर चारचौघांत ओरडली, ते ऐकून घेतलंस. हे आभार त्याचे."

डॉक्टरांनी खाली बघितलं. मग इतक्या हळू बोलल्या की मला पुढे झुकावं लागलं. "त्या दिवशी मी गाडीत बसून रडले होते, आजी. वाटलं, मला काही येतच नाही. घरी गेले, ताट समोर होतं, घास उतरला नाही."

आईने परातीतून वाडगा भरला, वर खोबरं घातलं, केळ्याचे काप घातले, काठोकाठ. दहा पुरुष ताटकळत उभे होते. रिवाजाप्रमाणे पहिला मान त्यांचा. तिने कोणाकडे पाहिलं नाही. वाडगा त्या बाईंच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "मग आता जेव."